बॅकगॅमन: हरलेला डाव तपासताना आधी चाली बघायच्या की आधी क्यूब?

पाचवं_घर (धागाकर्ता)

परवा हरलेला एक डाव अजून डोक्यातून जात नाही. शेवट असा होता (सगळ्या सोंगट्या आधी पटाबाहेर काढेल तो जिंकतो). माझ्या चार सोंगट्या पहिल्या घरावर. समोरच्याच्या तीन उरलेल्या: सहाव्या, चौथ्या आणि दुसऱ्या घरावर. त्याला ६-१ चं दान पडलं. सहाने एक बाहेर काढली, एकाने चौथ्यावरची तिसऱ्यावर आणली. मी दोन काढल्या, दोन राहिल्या. त्याने क्यूब पुढे सरकवला, म्हणजे डबल दिला: घेतला तर डाव दुप्पट गुणांचा, सोडला तर एक गुण त्याला. पाचच पिप (सगळ्या सोंगट्या बाहेर काढायला लागणारी घरं) उरलेत, आता काय होणार, असं मनात म्हटलं आणि डाव सोडला.

नंतर ३६ दानं कागदावर मांडली. तिसऱ्या आणि दुसऱ्या घरावरच्या सोंगट्या एका दानात काढायला २५ दानं चालतात. उरलेल्या ११ दानांत एक सोंगटी मागे राहते आणि डाव माझा होतो. म्हणजे ३० टक्क्यांहून जास्त डाव माझ्या हातात होते! डबल घ्यायला जिंकण्याची २५ टक्के शक्यता पुरते. सोडलं तर १०० डावांत १०० गुण जातात. घेऊन २५ टक्के जिंकलो तर ७५ डावांत दोन-दोन जातात, २५ डावांत दोन-दोन येतात. गोळाबेरीज तीच, उणे १००. त्याच्या वर जे असेल तो निव्वळ फायदा.

माझं म्हणणं असं की आपण डाव चुका दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये टाकतो आणि पहिल्यांदा चालींच्या चुका उघडतो. क्यूबचे निर्णय आधी तपासायला हवेत. त्यातही न दिलेला डबल. आपण मुकाट्याने फासे उचलून टाकतो, पटावर काहीच घडत नाही, त्यामुळे निर्णय घेतला होता हेच लक्षात राहत नाही. क्यूब मध्ये असेल किंवा आपल्याकडे असेल, तर प्रत्येक खेपेला फासे उचलण्याआधी 'देऊ का?' हा प्रश्न असतोच.

सहाची_भिंत

अजिबात पटलं नाही. एका डावात वीस-पंचवीस वेळा सोंगट्या हलवायच्या आणि क्यूब हलतो एकदा, फार तर दोनदा. रोजच्या चुका सोडून सणासुदीच्या चुका कशाला मोजायच्या?

आणि तुमचंच उदाहरण घ्या. त्याने एक चुकीचा खेळला, ते तुम्ही पाहिलंच नाही. चौथ्यावरची तिथेच ठेवून दुसऱ्यावरची पहिल्यावर आणली असती, तर ४-१ राहिलं असतं. पिप तेव्हाही पाचच, पण ४-१ ला २९ दानं चालतात. तुमच्याकडे ७ उरली असती, साधारण १९ टक्के, आणि सोडणं बरोबर ठरलं असतं. एका घराच्या फरकाने घ्यायचा डबल सोडायचा झाला असता. हे चालीतून आलं, आणि तुम्ही थेट क्यूबवर उडी मारली.

२५ टक्क्यांचा हिशेब दहा मिनिटांत कळतो. समोरच्या पटावर आपले २५ टक्के आहेत की नाहीत, हे कळायला वर्षं जातात. आयबीएममध्ये जेराल्ड टेसॉरो यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला टीडी-गॅमन केला, स्वतःशीच खेळून शिकलेला. तोवर पहिलंच दान ४-१ पडलं की जाणकार एक सोंगटी पाचव्या घरावर एकटी उभी करत. त्या प्रोग्रॅमला सर्वांत मागच्या दोन सोंगट्यांपैकी एक पुढे सरकवणं जास्त पसंत होतं, आणि पुढे जाणकारांनीही तेच उचललं. पहिल्या दानाची चाल इतकी वर्षं चुकू शकते, तर आपल्या मधल्या डावाचं काय?

पाचवं_घर

त्याची चाल खरंच निसटली माझ्या नजरेतून, मान्य. पण आता तुमचाच हिशेब पुढे नेतो. ४-१ ठेवून त्याने डबल दिला असता तर मी सोडला असता, त्याला पूर्ण १ गुण. ३-२ वर मी डबल घेतला असता तर त्याची सरासरी २ गुणिले (२५ वजा ११) भागिले ३६, म्हणजे २८/३६. चालीत त्याने ८/३६ घालवले. मी डाव सोडून नेमके तेवढेच त्याच्या हातात परत ठेवले. त्याच्या चुकीची वसुली करायला मला एकच जागा होती, ती क्यूबची.

वीस-पंचवीस चालींपैकी निम्म्या तर आपोआप सुचतात. ३-१ पडलं की पाचवं घर बांधायचं, त्यात कोण चुकतो? मोजायचेच तर अवघड निर्णय मोजा.

शर्यतवाला

शेवटच्या दानाचं उदाहरण तुम्हा दोघांच्याही सोयीचं आहे, तिथे सगळं मोजता येतं. लांब शर्यतीतही (सोंगट्या एकमेकांना ओलांडून गेल्या, आता मारामारी नाही) बरंचसं येतं: खेळी पुढच्याची असताना त्याचे १०० पिप धरा, मागच्याचे १०८ असले की पहिला डबल, क्यूब आधीच पुढच्याकडे असेल तर १०९ ला, आणि मागच्याने ११२ पर्यंत घ्यायचा. घेतलेला क्यूब फक्त आपलाच होतो, पुढचा डबल आपणच देऊ शकतो, म्हणून अशा शर्यतीत २५ टक्क्यांच्या किंचित खालीही घेता येतं.

माझी गाडी अडते मधल्या डावात. माझी सोंगटी मारली जाऊन बारवर (पटाच्या मधल्या पट्टीवर), समोर पाच घरं बांधलेली. आत यायला ३६ पैकी ११ दानं. पण त्याचीही एक सोंगटी माझ्या माऱ्यात. इथे टक्के कुठून आणायचे? नामवंत खेळाडू किट वूल्सी यांचा नियम मी पाळतो: हा डबल घ्यावा की सोडावा याची समोरच्याच्या जागी बसून खात्री होत नसेल, तर द्यावाच.

सहाची_भिंत

तो नियम आंधळेपणाने वापरू नका. गॅमनची (समोरच्याची एकही सोंगटी बाहेर न निघता जिंकणं, दुप्पट गुण) दाट शक्यता असेल तर डबल देऊन समोरच्याला एका गुणावर सोडून देणं महागात पडतं, तिथे खेळत राहावं. आणि गॅमन किती येतील हे परत चालींच्या समजेवरच.

शर्यतवाला

बरं, मग हे दोघंही सोडवा, प्रोग्रॅम न उघडता. माझ्या दोन सोंगट्या पाचव्या आणि तिसऱ्या घरावर, दानातला एक खेळायचा बाकी. समोरच्याच्या चार पहिल्या घरावर. क्यूब माझ्याकडे. एक कुठे खेळू? आणि त्याला जोडी (दोन्ही फाशांवर सारखा आकडा, मग चारही सोंगट्या निघतात) पडली नाही तर पुढच्या खेपेला क्यूब देऊ का?

सहाची_भिंत

तिसऱ्यावरची दुसऱ्यावर आणा. ५-२ ला १९ दानं चालतात, ४-३ ला १७. दोन्ही सोंगट्या जवळजवळ ठेवाव्यात असं हाताला वाटतं, म्हणूनच इथे चूक होते. ५-२ वर क्यूब द्यायचा, निम्म्याहून जास्त दानं आपली आहेत. ४-३ वर हातातच ठेवायचा. बघा, ठरलं चालीवरच.

पाचवं_घर

चाल तुमच्याशी जुळली, दानंही. पण किंमत लावून बघा. क्यूब नसता तर त्या दोन चालींत फरक ४/३६ चा. क्यूब हातात आहे म्हणून ५-२ ची सरासरी अधिक २/३६ वरून अधिक ४/३६ होते, ४-३ मात्र उणे २/३६ वरच राहते. फरक ६/३६.