चार रुग्णांवरून एवढी घाई नको

कुणीतरी लिहिलंय की जपानमध्ये मज्जारज्जूला दुखापत झालेल्या रुग्णाला स्टेम सेल (मूळ पेशी) दिल्या आणि तो उभा राहिला, म्हणजे आता उपचार आलाच. बातमी खरी आहे. केइओ विद्यापीठाने मार्च २०२५ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. चार रुग्ण होते, प्रत्येकाच्या मज्जारज्जूत आयपीएस पेशींपासून (म्हणजे साध्या पेशींना पुन्हा मूळ अवस्थेत नेऊन केलेल्या पेशींपासून) बनवलेल्या, चेतापेशी होऊ शकणाऱ्या सुमारे २० लाख पूर्वपेशी सोडल्या. दोघांत सुधारणा दिसली, त्यातला एक आधाराशिवाय उभा राहू लागला. उरलेल्या दोघांची श्रेणी, म्हणजे दुखापत किती गंभीर याचं मोजमाप, होती तिथेच राहिली.

मेख अशी की दुखापतीनंतर पहिल्या काही महिन्यांत थोडीफार हालचाल आपोआपही परत येते. सूज उतरते, वाचलेले चेतातंतू पुन्हा कामाला लागतात. या चौघांना पेशी दिल्या त्या नेमक्या दुखापतीनंतर दोन ते चार आठवड्यांच्या आत, आणि तुलनेला पेशी न दिलेला दुसरा गट नव्हता. मग श्रेय पेशींचं, फिजिओथेरपीचं की शरीराचं? चाचणीचा मूळ उद्देश सुरक्षितता तपासणं हाच होता, त्यात ती उतरली, हे कमी नाही.

जुन्या दुखापतीचं मात्र वेगळंच. तिथे व्रण धरलेला असतो, आत पोकळी झालेली असते. नव्या पेशी टिकल्या तरी तंतू पलीकडे पोचायला हवेत ना!

आणि हो, पैसा. अमेरिकेतल्या जेरॉन कंपनीने २०१० मध्ये अशाच दुखापतीवर भ्रूणापासून मिळवलेल्या मूळ पेशींची चाचणी सुरू केली आणि पुढच्याच वर्षी गुंडाळली, तीही आर्थिक कारणाने.

त्यामुळे कुणी आगाऊ पैसे घेऊन ‘स्टेम सेल इंजेक्शन’ देत असेल, तर आधी चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा.