लाल रेघा डीफॉल्ट बदलून जात नाहीत

पॉवरपॉइंटमध्ये डीफॉल्ट, म्हणजे आपोआप लागू होणारी, भाषा मराठी केली तरी जुन्या स्लाइड्सवर स्पेलिंग चुकल्याच्या लाल रेघा तशाच का, असा प्रश्न पडतो, तर तिथे भाषा मजकुराच्या तुकड्यातुकड्याला चिकटलेली असते, आधी टाइप केलेलं डीफॉल्टला जुमानत नाही. व्ह्यूमधून आउटलाइन व्ह्यू उघडा, डाव्या पट्टीत क्लिक करून कंट्रोल ए, मग रिव्ह्यू, लँग्वेज, सेट प्रूफिंग लँग्वेज, तिथे मराठी. शीर्षकं नि बुलेट्स एका झटक्यात होतात. पण वेगळे टाकलेले टेक्स्ट बॉक्स आणि टेबलं आउटलाइनमध्ये दिसतच नाहीत (ही अक्कल कुणाची देव जाणे), त्यासाठी एकेका स्लाइडवर जाऊन कंट्रोल ए करत बसावं लागतं. मॅक्रो (असलं काम आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम) चालवता येत असेल तर त्यात लँग्वेज आयडी, म्हणजे भाषेचा क्रमांक, ११०२ म्हणजे मराठी. आणि अर्धं इंग्लिश अर्धं मराठी असेल तर भाषा निवडायच्या त्याच खिडकीत सरळ 'डू नॉट चेक स्पेलिंग'वर टिक करा, डोक्याला ताप नको.