जुन्या घरातील सामानाची अंगणात विक्री : घरच्यांनी मिळून कशी करावी?

प्रश्न (शहापूर, बेळगाव)

शहापुरातील आमचे आजोबांच्या काळचे घर दिवाळीनंतर उतरवून नवे बांधायचे ठरले आहे. वडील, दोन काका आणि आत्या असे चार वाटेकरी आहेत. माळ्यावर पितळेचे दोन हंडे, तांब्याचा बंब, परातींचा ढीग, पत्र्याच्या ट्रंका आणि लाकडी पाळणा आहे. खालच्या सोप्यात शिसवी पलंग, पाटा-वरवंटा आणि आजोबांच्या हातमागाच्या फण्या व धोटे पडून आहेत. हे सगळे भंगारवाल्याला उक्ते देण्यापेक्षा एका रविवारी अंगणातच विक्री मांडावी, असे मला वाटते. अडचण गिऱ्हाइकांची नसून घरातलीच आहे. दोन वर्षांपूर्वी मधल्या काकांनी आजीच्या माहेरची घागर कोणाला न विचारता मोडीत घातली आणि तेव्हापासून आत्या त्यांच्याशी कामापुरतेच बोलतात. या वेळी तसे होऊ नये म्हणून काय करावे, आणि भाव कसे ठरवावेत?

उत्तर १ (टिळकवाडी, सासर खानापूर तालुक्यात)

आमच्या सासरी चार वर्षांपूर्वी हेच केले. त्यात जे बिघडले, ते सगळे विक्रीच्या आधीच्या पंधरवड्यात नीट न बोलल्यामुळे बिघडले, म्हणून तुम्ही सुरुवात तिथूनच करा. सर्व सामान माळ्यावरून खाली काढून एका खोलीत मांडावे, चारही कुटुंबांना एकाच दिवशी बोलवावे आणि ज्याला जे हवे त्यावर त्याने आपल्या नावाची चिठ्ठी लावावी. आत्यांना पहिली फेरी द्यावी, असे मी आग्रहाने सांगेन, कारण मुली सासरी गेल्यावर घरातल्या वस्तूंचे निर्णय त्यांच्यामागे होतात आणि त्यांना कळते ते सगळे संपल्यावर. एका वस्तूवर दोन चिठ्ठ्या आल्या तर घरातल्या घरात बोली लावावी आणि ती रक्कम घेणाऱ्याच्या वाट्यातून वजा करावी. ज्यावर एकही चिठ्ठी नाही, तेवढेच अंगणात जाईल.

आमची चूक सांगते. सासूबाईंच्या विळीवर कोणीच चिठ्ठी लावली नव्हती, म्हणून ती बाहेर मांडली. पाते झिजून बोटभर उरले होते, पण पाटाला मध्यभागी त्यांच्या बसण्याने आलेला गुळगुळीत खोलगटपणा होता. एका बाईंनी ती उचलून भाव विचारला आणि आम्ही तिघी जावा एकदमच म्हणालो की ही विकायची नाही. त्या बाईंनी विळी खाली ठेवली आणि काहीच न घेता निघून गेल्या. त्यांचा राग रास्त होता. तेव्हा ज्याविषयी मन द्विधा आहे ते खोलीत ठेवून कुलूप लावा आणि अंगणात आलेली वस्तू कोणीही परत उचलायची नाही, हे आधीच ठरवा.

दिवस दसरा आणि दिवाळी यांच्या मधला धरा. पाऊस ओसरलेला असतो आणि घरोघरी साफसफाई चाललेली असते. पितृपंधरवड्यात मात्र मांडू नका. आमच्याकडे त्या दिवसांत पुष्कळ जण घरात वस्तू आणत नाहीत.

उत्तर २ (बेळगाव, भांड्यांच्या दुकानात अनेक वर्षे काम)

भावाचे गणित तुम्ही समजता तितके अवघड नाही. आदल्या दिवशी दोन वेगवेगळ्या दुकानांत तांब्याच्या आणि पितळेच्या मोडीचा दर विचारून घ्यावा, भांडे घरच्या काट्यावर तोलावे आणि मोडीची किंमत हा तळाचा आकडा धरावा. घरात वापरण्यासाठी घेणारे गिऱ्हाईक त्याच्या वर देते, कारण तसेच नवे भांडे त्याला कितीतरी महाग पडते. बंबाची लोखंडी जाळी काढून मगच बंब तोला, नाहीतर लोखंड तांब्याच्या भावाने लावल्याचा वाद अंगणातच उभा राहील. हंडे चिंचेने घासून ठेवावेत. उजळ भांड्याला चार पैसे अधिक येतात आणि पोचे व डाक लावून सांधलेले भाग गिऱ्हाइकाला आधीच दिसतात. ज्या पातेल्याची आतली कल्हई गेली आहे, ते स्वयंपाकाला वापरण्याआधी कल्हई करून घ्यावी लागेल, हे स्वतःहून सांगावे.

चिठ्ठीवर मागायची किंमत लिहावी आणि शेवटचा भाव फक्त वहीत ठेवावा. ती वही एकाच माणसाकडे असावी. घासाघीस दोघांनी करायला घेतली की गिऱ्हाईक एका काकाचा भाव दुसऱ्याला सांगते, हे मी दुकानातही रोज पाहिले आहे. चिठ्ठ्या आणि फलक मराठी व कन्नड दोन्ही भाषांत लिहा. आजूबाजूच्या गावांतून येणाऱ्या बायका सरळ ‘एष्टु?’ (किती?) असे विचारतील, तेव्हा पैशांपाशी कन्नड बोलणारे कोणीतरी बसवा. क्यूआर कोड एकाच खात्याचा लावा आणि दहा-वीसच्या नोटा आधीच आणून ठेवा.

उत्तर ३ (निपाणी)

वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत. त्यात कागदांची गोष्ट राहिली. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते, त्यामुळे तिथल्या जुन्या घरांच्या ट्रंकांत संस्थानी काळातील कागद असू शकतात. ट्रंक विकण्यापूर्वी तळाचे वर्तमानपत्रही उचलून पाहा. मिळकतीचा कागद रद्दीत गेला तर नव्या बांधकामाच्या वेळी त्याची आठवण होईल.

भिंतीवर हरणाची किंवा सांबराची शिंगे असतील तर ती विक्रीत मुळीच ठेवू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशा वस्तूंच्या व्यापाराला बंदी आहे. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती त्याच वर्षीच्या पुरावस्तूविषयक कायद्याच्या कक्षेत येऊ शकतात. देव्हाऱ्यातले देव तसेही कोणी अंगणात मांडत नाही, पण पितळेच्या ढिगातून एखादी मूर्ती चुकून जाऊ नये. जुन्या हस्तलिखित पोथ्या निघाल्या तर जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय रद्दीत घालू नका.

प्रश्नकर्ता (शहापूर)

सर्वांचे आभार. काल रात्री मधल्या काकांना हे वाचून दाखवले. आत्यांना पहिली फेरी देण्याच्या मुद्द्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग स्वतःच फोन लावून त्यांना येत्या शनिवारी मुक्कामाला बोलावले. धोट्यांवर वडिलांनी आजच चिठ्ठी लावून टाकली, म्हणजे तेवढा विषय मिटला. वही धाकट्या काकूंकडे राहील, कारण त्यांचे माहेर गोकाकचे असल्याने कन्नडचीही सोय होते. एकच अडचण उरली आहे : आमचा घरचा काटा दहा किलोंपर्यंतचाच आहे आणि बंब त्यावर तोलता येणार नाही. शहापूर किंवा वडगाव भागात मोठा काटा एका दिवसासाठी भाड्याने कुठे मिळतो, हे कोणाला ठाऊक असल्यास कृपया कळवावे.