'फॅमिली टाइज' आणि आपल्या घरातलं राजकारण

'फॅमिली टाइज' कोणी कोणी बघितलीये? अमेरिकन टीव्ही मालिका, १९८२ ते १९८९, एनबीसी वाहिनीवर. ओहायोतलं कीटन कुटुंब, आईबाप साठच्या दशकात मोर्चे काढलेले, आणि थोरला ॲलेक्स पक्का रेगनवाला, म्हणजे तेव्हाच्या उजव्या राष्ट्राध्यक्षांचा भक्त, घरात टाय लावून फिरणारा. आमच्याकडे अगदी हेच. आई सेवादलातली, आणीबाणीत सत्याग्रह करून तुरुंगात गेलेली, आणि दादा न्यूजर्सीच्या हायस्कूलात जाऊन टॅक्स कमी झाले पाहिजेत म्हणून जेवताना भांडायचा. आई चिडून ताटावरून उठायची पण गुरुवारी साडेआठला दोघं एकाच सोफ्यावर. एकदा एपिसोड संपल्यावर आई म्हणाली, "आता तुझं म्हणणं मला नीट सांग, ओरडू नकोस." दोघं रात्री एकपर्यंत बोलत होती, मी जिन्यात बसून ऐकलं सगळं. तुमच्याही घरचं लिहा ना.

*

मी बापाच्या बाजूचा. मालिका मुळात आईबापांवर बेतलेली होती, ॲलेक्स झालेल्या मायकल जे. फॉक्सने ती ॲलेक्सची करून टाकली, टीव्हीचे सलग तीन एमी पुरस्कार घेतले. खुद्द रेगन म्हणाले ही माझी आवडती मालिका, तेव्हा आमच्या मुलाला काय आनंद झालेला! १९८८ ला राष्ट्राध्यक्षपदाचं त्याचं पहिलं मतदान, माझं डेमोक्रॅट डुकाकिसला, त्याचं रेगनच्याच पक्षाच्या बुशला. एकमेकांचं मत कापणार हे माहीत असून एकाच गाडीतून गेलो, रांगेत त्याने माझा कोट धरला होता. तो दिवस मला अजून फार प्रिय आहे.

*

आमच्याकडे त्याआधीची 'ऑल इन द फॅमिली', १९७१ ची. आर्ची बंकर आणि त्याचा जावई माइक, आणि बघणारे मी आणि माझे सासरे. आर्ची बाहेरून आलेल्यांबद्दल जे बोलायचा त्याने माझं डोकं फिरायचं. सासरे एकदा म्हणाले, "अहो जावईबापू, माझे वडील असंच बोलायचे, फक्त जातीवरून. आणि मी गप्प ऐकून घ्यायचो." आर्चीची खुर्ची वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संग्रहालयात ठेवलीये, सासरे गेल्यावर मुद्दाम जाऊन बघून आलो.

*

'फॅमिली टाइज'चा १९८७ चा तो एक तासाचा एपिसोड आठवतो का, ॲलेक्सचा मित्र ग्रेग अपघातात जातो तो? ग्रेगने सामान हलवायला मदतीला बोलावलेलं, ॲलेक्स गेला नाही म्हणून वाचला, आणि मग जवळजवळ रिकाम्या स्टेजवर तो एकटाच बोलत राहतो. माझा रूममेट त्याच हिवाळ्यात गाडीच्या अपघातात गेला होता. मी सुट्टीत घरी आलेलो आणि इराण-काँट्रावरून, म्हणजे रेगन सरकारच्या इराणला चोरून शस्त्रं विकण्याच्या प्रकरणावरून, बाबांशी महिनाभर अबोला होता, खरंच एक शब्द नाही. एपिसोड अर्धा झाला असेल, मी रडतोय हे त्यांना स्वयंपाकघरातून दिसलं. बाबा आले, काही न बोलता शेजारी बसले आणि शेवटपर्यंत बघितलं.