सणाला घर लांब असतं तेव्हा: सेवेत राहिलेल्यांचे अनुभव

रानवाट
काल भाच्याचा मेसेज आला. जेझुइट संघात पहिल्या वर्षाचा नोव्हिस, म्हणजे नवा उमेदवार आहे. "मामा, यंदा नाताळला घरी नाही. आईला तूच सांग." बहिणीला कसं सांगावं याचा विचार करताना माझी रीजन्सी डोळ्यासमोर आली, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जेझुइट हा कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ. जेझुइट व्हायचं तर आधी दोन वर्षं नोव्हिशिएट, म्हणजे उमेदवारी. त्यात महिनाभर मौन पाळून संत इग्नेशियसची साधनाही आली. पुढे तत्त्वज्ञानाचं शिक्षण, आणि धर्मशास्त्र शिकायला जाण्याआधी मधली काही वर्षं एखाद्या मिशनवर प्रत्यक्ष काम. ती रीजन्सी. मला सातपुड्यात पाठवलं, धडगावच्या बाजूला. मिसरूड नुकतं जाड झालेलं, आणि वसतिगृहातली पोरं माझ्या ताब्यात.

पहाटे अंधारातच उठायचं, पोरांना उठवायचं. प्रार्थना, मिस्सा, थंडगार पाण्याने आंघोळी, शाळा. संध्याकाळी भाजीच्या वाफ्यांना पाणी, कुणाची खरूज, कुणाचा ताप, मग रात्रीचा अभ्यास. घर आठवायला दिवसभर सवडच नसे. 16 डिसेंबरला नाताळची नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) सुरू झाली की मात्र त्या नऊ संध्याकाळी अवघड जायच्या. वसईत या घटकेला काय चाललं असेल ते बसल्या जागी कळायचं. आता येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यासाठी पेंढा आला असेल, आता भाऊ शिडीवर चढून चांदणी टांगत असेल.

नाताळच्या सुट्टीत बरीच पोरं घरी जायची, पण सगळी नाही. दिवाळीच्या आगेमागे त्या भागातली कितीतरी कुटुंबं गुजरातेत ऊसतोडीला जातात. घर बंद, मग पोरगं जाणार कुठे? मागे राहिलेल्या पोरांबरोबर मी चांदणी बांधायला बसलो होतो. सहावीतला एकजण बांबूच्या कामट्या तासत होता, मधूनमधून अंगठ्याने कड चाचपत. मान खालीच ठेवून म्हणाला, "ब्रदर, तुमचे आईबाप कुठल्या फडावर आहेत?"

त्याच्या हिशेबाने सणाला घरी न गेलेल्या माणसाचे आईबाप ऊसतोडीलाच गेलेले असणार. म्हटलं, माझे घरीच आहेत. तेव्हा त्याने वर पाहिलं. "मग तुम्ही इथे का?"

"तुम्ही इथे आहात म्हणून," मी म्हणालो. त्याला ते पटलं असावं, कारण लगेच मला खळ आणायला पिटाळलं.

तुम्हीही लिहा. संस्था कुठलीही असो, धर्म कुठलाही असो, सण कुठलाही असो.

वसईची आई
फादर, बहिणीला सरळ सांगा. आडवळणाने सांगितलं की आईला जास्त लागतं. माझी लेक सिस्टर, म्हणजे नन आहे, झारखंडात. 24 आणि 25 ला तिला श्वास घ्यायला फुरसत नसते, त्यामुळे फोन 26 ला येतो. आमच्या घरी खरा नाताळ 26 लाच. मी सकाळपासून फोन चार्जिंगला लावून बसते आणि कुणाला कॉल करू देत नाही. बाकी नंतर लिहिते, कुकर झालाय.

सांजवात
"कुठल्या फडावर" वाचून ऑफिसात डोळे पुसले. एवढंच.

सियांगकाठ
अरुणाचलातल्या आलो गावी होते, विवेकानंद केंद्राच्या शाळेत. दिवाळीला सुट्टी नाही, मोठी सुट्टी थंडीत. घरून निघताना आजी म्हणाली होती, "एकनाथजी अमरावती जिल्ह्यातले, आपल्याकडचे. त्यांच्या कामाला चाललीस तर रडत येऊ नकोस." 1972 मध्ये एकनाथजी रानड्यांनी केंद्र सुरू केलं आणि 1977 पासून अरुणाचलात शाळा निघाल्या, हे तिला तोंडपाठ.

तिकडे दिवाळीच्या दिवसांत दुपारी साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. अंधार लवकर, वीज कधी आहे कधी नाही, आणि रात्र संपता संपत नाही. मी पणत्या लावल्या तर वसतिगृहातल्या मुली सगळ्या खोलीत शिरल्या. गालो जमातीच्या मुली, त्यांना दिवाळीचं विशेष काही नाही. एकीने विचारलं, मिस, तुमच्या मोपीनला तोंडाला तांदळाचं पीठ लावतात का? (मोपीन त्यांचा सण, एप्रिलात.) म्हटलं, आम्ही उटणं लावतो. मग काय, डब्यातलं सगळं उटणं त्यांनी रात्री आठ वाजता तोंडाला फासलं! सकाळी अभ्यंगाला मला चिमूटभरसुद्धा उरलं नाही. त्या दिवाळीइतकी दुसरी कुठली मला आठवत नाही.

पार्सलवाला बाबा
@सियांगकाठ, मुलगा याच जूनपासून तिकडे शिकवतोय. दिवाळीचा फराळ पाठवलेला, चकल्यांचा भुगा पोहोचला. नाताळच्या सुमाराला पुन्हा पाठवायचं आहे. स्पीड पोस्ट करू की कुणी जाणारं असेल तर हाती देऊ? आणि आम्ही दोघं भेटायला गेलो तर परमिट लागतंच ना?

सियांगकाठ
काका, इनर लाइन परमिट लागतंच, ऑनलाइन निघतं, आधी काढून ठेवा. चकली नको, लाडू पाठवा. चिवडा वेगळ्या पिशवीत, हवा काढून. आणि लोकरीचे मोजे! तिकडे सगळ्यांत जास्त आनंद मोज्यांचा होतो. आता जाणं सोपं झालंय. आमच्या वेळी दिब्रुगडला उतरलं की ब्रह्मपुत्रा फेरीने ओलांडायची, पाणी आणि धुकं बघून ती सुटणार. बोगीबील पूल 25 डिसेंबर 2018 ला सुरू झाला, जवळजवळ पाच किलोमीटरचा. आईला फोनवर पहिली बातमी तीच दिली होती.

पार्सलवाला बाबा
मोजे. लिहून घेतलं. हिला लगेच सांगतो.

दूरदेशी
जरा वेगळं. मी यूटामध्ये राहते. शेजारच्या मॉर्मन (ख्रिस्ती धर्मातला एक पंथ) कुटुंबातला मुलगा शाळा संपल्यावर धर्मप्रचाराच्या मिशनला गेला. त्यांच्यात मुलं दोन वर्षं जातात, मुली दीड वर्ष, कुठे जायचं ते चर्च ठरवतं. कायम जोडीने राहायचं, एकट्याने कुठे जायचं नाही. आणि तेव्हा घरी फोन फक्त नाताळला आणि मदर्स डेला! बाकी वर्षभर आठवड्याला एक ईमेल. त्या माउलीने डिसेंबरभर फ्रिजवर कागद लावला होता, फोनवर काय काय विचारायचं त्याचा. दात दुखत होता तो थांबला का, बूट नवे घेतलेस का. प्रत्यक्ष फोन आला तेव्हा मी तिथेच होते. तिने कागदाकडे एकदाही पाहिलं नाही, नुसती "बोल, तू बोल" म्हणत राहिली. 2019 च्या फेब्रुवारीपासून चर्चने दर आठवड्याला फोनची परवानगी दिली. तिच्या धाकट्याच्या वेळी ते सुख मिळालं, याचा मला मनापासून आनंद झाला.

वसईची आई
आले. @दूरदेशी, आयांची जात एकच हो. माझ्याकडेही कागद असतो.

फादर, एक राहिलंच. पहिल्या वर्षी मी लेकीच्या खुर्चीवर कुणाला बसू दिलं नाही. दुसऱ्या वर्षी सासूबाईंनी शेजारची एक एकटी म्हातारी बोलावून त्याच खुर्चीवर बसवली. मला फार राग आला होता. आता ती आजी दरवर्षी येते आणि लेक फोनवर आधी तिची चौकशी करते.

भामरागडचा डॉक्टर
'निर्माण' या युवा उपक्रमाच्या शिबिरांतून गेलो आणि एमबीबीएसनंतर गडचिरोलीत प्राथमिक आरोग्य केंद्रावर राहिलो. दिवाळी म्हणजे आमच्याकडे मलेरियाचे दिवस, आणि धानाची कापणीही तेव्हाच. ताप अंगावर काढून लोक शेतात उभे, मग रात्री झटके आल्यावर खाटेवर घालून आणतात. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी एक बाळ आलं, सलाईनला शीरच सापडेना. सिस्टरने टॉर्च धरला, मी पायाला शोधत होतो. सापडली. बाळाची आई माडिया बोलते, मला तेव्हा तोडकंमोडकं येत होतं, तरी रात्रभर आम्ही दोघं त्या बाळाबद्दल बोललो. पहाटे ताप उतरला तेव्हा घरून पाडव्याच्या आंघोळीचा फोन आला. आई म्हणाली, आवाज का बसलाय? म्हटलं, झोप नाही झाली, पण फार छान वाटतंय.

जे आत्ता जाऊ का नको अशा विचारात आहेत त्यांना सांगतो, जा. सणाच्या आदला आठवडा जड जातो. सणाच्या दिवशी काम असतं, आणि काम असलं की माणूस तरतो.

सांजवात
डॉक्टर, ते बाळ आता केवढं आहे?

भामरागडचा डॉक्टर
अंगणवाडीत जातं. माझ्याकडे बघून रडतं, सुई आठवत असावी :)

तापीकाठचा
मी नंदुरबारचाच. फादर, तुम्ही होळीचं लिहिलं नाहीत! आमच्याकडे खरा सण तोच. ऊसतोडीला गेलेलं माणूस कुठूनही होळीला गावी यायला बघतं. काठीची राजवाडी होळी एकदा तरी बघावी, रात्रभर ढोल, पहाटे होळी पेटते. मीही असाच मागे राहिलेला पोरगा होतो, दुसऱ्या वसतिगृहातला. डिसेंबरात रात्री सर स्वतः फिरून आमच्या अंगावरची गोधडी नीट करायचे. आम्ही झोपेचं सोंग घ्यायचो, म्हणजे ते जरा जास्त वेळ थांबायचे. त्यांनाही घर असेल, तिथे कुणी वाट बघत असेल, हे आत्ता तुमचं वाचून डोक्यात आलं. आज त्यांना फोन लावणार.

रानवाट
तापीकाठचे भाऊ, लावाच. होळीचं वेगळं लिहीन, त्याला एक प्रतिसाद पुरायचा नाही.

बहिणीशी बोललो, ताईंनी सांगितलं तसं सरळ. थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, तिथे थंडी किती असते? @सियांगकाठ, तुमच्या मोज्यांचा सल्ला पुढे पाठवलाय. लोकर कुठली घ्यावी, टोचत नाही अशी?

सियांगकाठ
मेरिनो मिळाली तर उत्तम. नाहीतर आतून सुती मोजा, वरून लोकरीचा. आणि चार जोड जास्तीचे द्या, तिथे वाटले जातातच.