मदत हवी आहे: दम्याच्या नमुन्यांत एसओडी उणे येतंय

सेलूकर: पायरोगॅलॉल पद्धतीनं एसओडी (सुपरऑक्साइड मोडणारं एन्झाइम) मोजून रायलो. पायरोगॅलॉल आपोआप ऑक्सिडाइज होऊन रंग धरतो, एसओडीनं तो वेग कमी व्हायला पाहिजे. नमुना टाकला की वेग कमी व्हायच्या ऐवजी वाढतो, प्रतिबंध उणे येतो. सोमवारी आकडे द्यायचेत. काहून होत असंल? लवकर सांगा.

परीक्षानळी: सीरम की तांबड्या पेशींचं लायसेट (पेशी फोडून केलेला द्राव)? तरंगलांबी? ब्लँकचा, म्हणजे नमुन्याशिवायचा, वेग किती?

सेलूकर: लायसेट. ४२० नॅनोमीटर. ब्लँक मिनिटाला ०.०६.

परीक्षानळी: हिमोग्लोबिन काढलंच नाही ना? ४२० ला ते जोरात शोषतं. वरून पायरोगॅलॉलच्या ऑक्सिडेशनमध्ये पेरॉक्साइड तयार होतं आणि हीम (हिमोग्लोबिनमधला लोहाचा भाग) पेरॉक्सिडेज एन्झाइमसारखं वागून रंग वाढवतं, म्हणून उणे. ०.५ मिली लायसेट, ३.५ मिली थंड पाणी, १ मिली इथेनॉल, ०.६ मिली क्लोरोफॉर्म. बर्फावर ठेवून जोरात हलवा, ३००० आरपीएमवर १५ मिनिटं फिरवा, वरचा स्वच्छ थर घ्या. नळी काचेची घ्या, क्लोरोफॉर्म पॉलिस्टायरीनला खातो.

मोजमाप: ०.०६ ही वेगळी गडबड. ०.२ मिलिमोलर पायरोगॅलॉल, पीएच ८.२, २५ अंशाला वेग ०.०२ च्या आसपास पाहिजे. बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) ट्रिस आहे का? उन्हात ४० अंशाच्या खोलीत पीएच लावून २५ अंशाला मोजलं तर तो ८.६ होतो, ट्रिस अंशाला साधारण ०.०२८ नं सरकतो. पायरोगॅलॉलचा साठा १० मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात, रोज ताजा.

यवतमाळचा: भाऊ, एसओडी सोडा, कॅटलेज (पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम) लावा. २४० ला सरळ जमतं.

परीक्षानळी: क्वार्ट्झ क्युव्हेट असेल तरच, साधी काच २४० ला प्रकाश अडवते. आणि कॅटलेज मोजून सुपरऑक्साइडचं उत्तर मिळत नाही.

जिनिंगवाला: कापसाच्या धुळीनं दम लागत असेल तर स्पेसर लावा, स्टिरॉइडच्या पंपानंतर गुळण्या करा.

मोजमाप: सल्ला बरोबर आहे, पण इथं प्रश्न नळीतला आहे. उलट पंपाचंच विचारतो: रुग्ण स्टिरॉइडवर आहेत का? श्वासनलिकेच्या पेशींतली घटलेली कॉपर-झिंक एसओडी इनहेल्ड स्टिरॉइडनं सावरते. दोन्ही गट मिसळू नका.

गडचिरोली_ताई: सिकलसेल तपासला का? आपल्याकडं हे विसरून चालणारच नाही. सिकलमध्ये कोवळ्या तांबड्या पेशी जास्त असतात, त्या जास्त असल्या की एन्झाइम चढं दिसतं. विद्राव्यता चाचणी लावा, पॉझिटिव्ह आलेला नमुना गटाबाहेर. आकडा मूळ लायसेटमधल्या प्रति ग्रॅम हिमोग्लोबिनवर द्या.

सेलूकर: बफर ट्रिसच, पीएच दुपारी खोलीतच लावला होता. क्लोरोफॉर्म आहे. सिकलचं तपासलेलं नाही. गोठवलेलं लायसेट चालेल, की रक्त नव्यानं घ्यावं?

परीक्षानळी: उणे ८० ला ठेवलं असेल आणि एकदाच वितळवणार असाल तर एसओडीसाठी चालेल. सिकलसाठी मात्र नवं रक्त लागेल.