कुंभारीकडे राहायला जावे का? घराच्या हिशोबात येण्या-जाण्याचा वेळ कसा धरावा?

पूर्व भागातला

नमस्कार. आमचे पाच जणांचे कुटुंब अनेक वर्षांपासून सोलापुरात अशोक चौकाच्या मागे, दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहते. आता अक्कलकोट रस्त्यावर कुंभारीच्या बाजूला स्वतःचे घर घेता येईल अशी संधी आली आहे. घरात बाकी सगळ्यांचे मन तयार झाले आहे, माझेच होत नाही.

मी चिंचोळी एमआयडीसीत काम करतो. पाळी दर आठवड्याला बदलते: सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री अकरा. म्हणजे कारखाना पुणे रस्त्यावर, घर अक्कलकोट रस्त्यावर आणि मधे अख्खे सोलापूर. पत्नी विड्या वळते आणि तिचा विडी कारखाना सध्या चालत जाण्याच्या अंतरावर आहे. थोरली मुलगी आठवीत असून तिची शाळा सकाळची आहे. धाकटा तिसरीत आहे आणि त्याची शाळा नऊनंतर भरते. आईला दर महिन्याला सिव्हिल हॉस्पिटलमध्ये दाखवायला न्यावे लागते.

भाडे आणि हप्ता यांची तुलना मी कागदावर केली आहे आणि ती जमते. पेट्रोलचा खर्चही धरला आहे. मात्र वेळेचा हिशोब कसा मांडायचा, हे मला समजत नाही. ज्यांनी गावातून हद्दवाढ भागात किंवा त्याही पलीकडे घर हलवले आहे, त्यांनी जाण्यापूर्वी काय पाहिले, आणि काय पाहायला हवे होते असे त्यांना आता वाटते, हे कृपया सांगावे.

निवृत्त शिक्षक, दक्षिण कसबा

तुमच्या प्रश्नाचे मूळ सोलापूर कसे वाढले यात आहे, म्हणून थोडे मागे जातो.

‘जुनी गिरणी’ या नावाची कापडगिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. पुढे लक्ष्मी, विष्णू आणि नरसिंग गिरजी या गिरण्या आल्या, आणि गावाचा दिवस त्यांच्या भोंग्यावर चालू लागला. आमच्या लहानपणी घरोघरी घड्याळ नव्हते, आणि ते नसल्यामुळे कोणाचे अडतही नव्हते. पहिल्या भोंग्याला चूल पेटायची, दुसऱ्या भोंग्याला डबा बांधून तयार असायचा आणि पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जायचा. कामगार गिरणीच्या आसपासच्या चाळींत राहत, त्यामुळे कामावर जाण्यासाठी बस लागते ही कल्पनाच कोणाच्या मनात येत नसे. पूर्व भागात तर पद्मशाली विणकरांचे घर आणि माग यांच्यात एका भिंतीचेच अंतर असे, आणि काही ठिकाणी ते आजही तसेच आहे. गाव दाटीवाटीचे राहिले याचे हे एक मोठे कारण होते.

मात्र त्या काळाचे गोडवे मी गाणार नाही. एका नळावर सगळी चाळ पाणी भरायची, घरात हवा खेळत नसे आणि मागाचा खडखडाट झोपेतही सुटत नसे. हे सहन केलेल्या माणसाला मोकळ्या घराची ओढ वाटली तर त्यात नवल नाही.

बदल दोन बाजूंनी झाला. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि काम गावभर विखुरले. दुसरीकडे १९९२ च्या हद्दवाढीत महापालिकेचे क्षेत्र सुमारे ३३ चौरस किलोमीटरवरून १७८ चौरस किलोमीटरच्या वर गेले. क्षेत्र पाचपटीहून अधिक वाढले, पण त्या प्रमाणात बस, शाळा, दवाखाने आणि मंडया बाहेर सरकल्या नाहीत. त्यामुळे माणसे राहायला जुळे सोलापुरात, शेळगीत किंवा बाळ्यात गेली, तरी खरेदीला नवी पेठेतच येत राहिली. पूर्वी एका भोंग्यावर सगळे घर उठायचे. तुमच्या घरात आज कारखान्याची पाळी, दोन शाळा, विडी कारखाना आणि दवाखाना अशी निरनिराळी वेळापत्रके आहेत, आणि ती ठरवताना कोणी एकमेकांना विचारलेले नाही.

विजापूर रोड

इतका विचार करू नका, मालक. सोलापूर म्हणजे मुंबई नव्हे. कुठून कुठेही गाडीवर पाऊण तासात पोहोचता येते. भाडे भरून हाती काही उरत नाही, घर मात्र आपले होते. एक जुनी स्कूटर आणखी घ्या आणि मोकळे व्हा.

माझा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. तो शनिवारी रात्री येतो आणि सोमवारी भल्या सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसने परत जातो. १० फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारतही सुरू झाली आहे, पण तिचे तिकीट दर आठवड्याला परवडत नाही. सोलापूरची निम्मी तरुण मुले अशीच आठवड्याची ये-जा करतात. त्यांच्या तुलनेत रोज रात्री स्वतःच्या घरी झोपायला मिळणे ही लहान गोष्ट नाही.

कुंभारीकर

मी इथे गोदूताई परुळेकर वसाहतीत राहते. ही दहा हजार घरांची विडी कामगार महिलांची वसाहत असून २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले होते. अलीकडे शेजारीच रे नगर उभे राहिले आहे. तिथे तीस हजार घरांची योजना असून पहिली पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान मोदी यांच्या हस्ते देण्यात आली. त्यामुळे कुंभारी म्हणजे आडरान अशी समजूत असेल तर ती आधी काढून टाका. येथे वस्ती मोठी आहे; येथून कामाला जाणे हा खरा प्रश्न आहे.

तुमच्या प्रश्नात तुमच्या पाळीच्या तिन्ही वेळा लिहिल्या आहेत, पत्नीच्या कामाची मात्र एकही वेळ लिहिलेली नाही. विडी घरात वळली जाते, म्हणून त्या कामाला वेळ लागत नाही असे घरच्या पुरुषांना वाटते. प्रत्यक्षात आदल्या संध्याकाळी विडीचे (तेंदूचे) पान भिजवून फडक्यात बांधून ठेवावे लागते. सकाळी त्यावर पत्र्याचा तुकडा ठेवून कात्रीने एकेक पान कापायचे, मग मांडीवर सूप घेऊन वळायला बसायचे, आणि हजार विड्यांचा आकडा भरेपर्यंत मधे चार वेळा उठायचे. त्यानंतर तयार माल कारखान्यात नेऊन द्यायचा. तिथे तो तपासून छाट, म्हणजे नापास विड्या, बाजूला काढतात आणि पुढचे पान-तंबाखू देतात. त्या ठरलेल्या वेळेत पोहोचला नाहीत तर त्या दिवसाचा माल घेतला जात नाही, आणि दुसऱ्या दिवसासाठी पानही मिळत नाही. चालत जाणाऱ्या बाईला दहा मिनिटे उशीर झाला तर ती झपझप चालते. शेअर रिक्षाने जाणाऱ्या बाईने काय करावे? सीट भरल्याशिवाय रिक्षा हलत नाही, आणि आपण कितीही घाई केली तरी समोरची रिकामी जागा भरत नाही.

म्हणून किलोमीटर मोजू नका, थांबण्याचा वेळ मोजा. एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असताना, विड्यांचे बोचके घेऊन सावली नसलेल्या थांब्यावर उभे राहणे म्हणजे काय, हे घर पाहायला डिसेंबरात आलेल्या माणसाच्या लक्षात येत नाही.

तुमच्या पत्नीचे कार्ड ज्या कारखान्याचे आहे, त्याची ब्रँच, म्हणजे माल देण्या-घेण्याची शाखा, या बाजूला आहे का आणि तिथे नाव बदलून मिळते का, हे आधी विचारा. मिळत असेल तर तुमचा अर्धा प्रश्न सुटला. मिळत नसेल तर घराचा हप्ता तिच्या मजुरीतून किती जाईल, याचा हिशोब पुन्हा करावा लागेल.

आणि पाण्याचे विचारा. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येते हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. पाण्याच्या दिवशी घरातले कोणीतरी बांधलेलेच असते. नव्या जागी पाणी कोठून येते, कोणत्या दिवशी आणि किती वाजता येते, आणि ती वेळ विड्या देण्याच्या वेळेवर येते का, हे घर दाखवणाऱ्याला न विचारता शेजारच्या बाईला विचारा.

एवढे लिहिले म्हणून मी पस्तावले आहे असे समजू नये. घरमालकाने कधी उठवले नाही, पोरींना अभ्यासाला कोपरा मिळाला आणि सूप घेऊन बसायला उजेडाची जागा मिळाली. मी परत गावात जाणार नाही.

नगररचनेचा विद्यार्थी

वरच्या ताईंचा मुद्दा आकड्यांतही दिसतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरची बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, तर ती कामे करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. ज्याचा दिवस आधीच भरलेला आहे, त्याच्या प्रवासात अर्ध्या तासाची भर पडली तर तो अर्धा तास झोपेतून किंवा मजुरीतून काढावा लागतो.

चेझारे मार्चेटी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये असे मांडले होते की, माणसे पायी चालत असोत किंवा मोटारीने जात असोत, ती दिवसाला सरासरी तासाभराचा प्रवास करतात. वाहन वेगवान झाले की वेळ वाचत नाही, शहर पसरते. दुचाकी घरोघरी आल्यानंतर सोलापूर ज्या प्रकारे पसरले, ते पाहता यात तथ्य वाटते. पण ही सरासरी आहे. तुमच्या घरात दुचाकी एक असेल आणि ती तुमच्याबरोबर चिंचोळीला जात असेल, तर शहर तुमच्यासाठी दुचाकीच्या वेगाने पसरले आणि घरातल्या बाकी चौघांसाठी पायांच्या.

परवडणारी घरे शहराच्या कडेला का होतात याचे उत्तर सरळ आहे: तिथे जमीन स्वस्त असते. जमिनीत वाचलेला पैसा राहणारा माणूस पुढे रिक्षाच्या भाड्यात आणि वेळेत फेडत राहतो, आणि ही फेड योजनेच्या कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांऐवजी माणसांची ने-आण हे उद्दिष्ट ठेवले होते. ते कुंभारीला लावायचे तर हजारो घरांबरोबर पहाटेची आणि रात्रीची बस आधी हवी, रस्ता रुंद करणे नंतर. त्याहून चांगला मार्ग म्हणजे काम तिकडे नेणे. विड्यांच्या ब्रँच आणि गणवेश शिवणारी युनिट्स यांना फार मोठी जागा लागत नाही. टॉवेल आणि चादरीच्या मागांचे तसे नाही.

वेळापत्रके बदलतात तेव्हाही कोणाची सोय होते आणि कोणाची गैरसोय, हे पाहायला हवे. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत असे शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ठरवले. लहान मुलांच्या झोपेच्या दृष्टीने मला ते योग्य वाटते, पण ज्या घरात एक मूल सातला आणि दुसरे नऊला निघते, त्या घरातील मोठ्या माणसाची सकाळ दोन तासांनी लांबते. राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा मिळाला आणि कामाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा झाली. कर्मचाऱ्यांची सोय झाली खरी, पण पूर्वी शनिवारी दाखला काढायला जाणाऱ्या माणसाला आता त्यासाठी कामाच्या दिवसाचा खाडा करावा लागतो. कुंभारीहून आला तर तो खाडा पूर्ण दिवसाचा होतो.

तुम्ही तीन कागद घ्या, प्रत्येक पाळीच्या आठवड्याचा एक. त्यावर पाचही जण किती वाजता दाराबाहेर पडतील आणि किती वाजता परत येतील ते लिहा. नंतर प्रत्येक कागदावर एक गडबड घडवून पाहा: मुलाला ताप आला, आईचा नंबर उशिरा लागला, गाडी पंक्चर झाली. अशा वेळी धावपळ कोणाची होते? तीनही कागदांवर एकाच माणसाची होत असेल, तर घर घेण्याचा निर्णय त्या माणसाने घ्यावा.

पूर्व भागातला

सर्वांचे आभार. विजापूर रोडच्या काकांना नम्रपणे सांगतो की स्कूटरचा विचार केला होता, पण पत्नीला चालवता येत नाही आणि आई मागे बसायला घाबरते. शिकून घेता येईल हे खरे, मात्र हप्ता सुरू झाल्यावर लगेच दुसरी गाडी घेणे जमणार नाही.

कागद काल रात्री पत्नीबरोबर बसून केले. पहिल्या पाळीचा आठवडा सर्वांत कठीण निघाला. मला साडेपाचलाच निघावे लागेल, त्यानंतर मुलीला सातच्या आत शाळेत कोणी सोडायचे याचे उत्तर आमच्याकडे नाही. रात्रपाळीत मी सकाळी परत येताना धाकट्याला शाळेत पोहोचवू शकतो, म्हणजे ज्या पाळीला मी सर्वांत जास्त कंटाळतो तीच घराला सोयीची आहे. पत्नीने ब्रँचची चौकशी मुकादमाकडे केली आहे. नाव बदलून मिळू शकते, पण तिकडची जागा रिकामी होईपर्यंत थांबावे लागेल, असे त्यांनी सांगितले. ती म्हणते की मुलीचे शाळेचे वर्ष संपेपर्यंत थांबू, तोवर जागा झाली तर जाऊ.

कुंभारीकर ताईंना एकच विचारायचे आहे. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात मी रात्री अकराला सुटेन आणि साडेबाराच्या आत घरी पोहोचणार नाही. त्या वेळी आईची तब्येत बिघडली तर तिकडून गावात यायला काही मिळते का?

कुंभारीकर

रात्री दहानंतर शेअर रिक्षाच्या भरवशावर राहू नका. इथे प्रत्येक गल्लीत एखादा तरी रिक्षावाला राहतो आणि रात्री त्याची रिक्षा त्याच्या दारातच उभी असते. राहायला आल्याबरोबर त्याची ओळख करून घ्या, नंबर घ्या आणि तो आईंच्या उशाशी भिंतीवर लिहून ठेवा. अडचणीच्या वेळी १०८ ला फोन करायचाच, पण येणाऱ्या गाडीला वसाहतीत घर सापडत नाही. म्हणून मुलीला आधीच सांगून ठेवा की फोन झाला की तिने मोठ्या रस्त्यावर जाऊन उभे राहायचे; रात्री ती एकटी जाणार नाही, शेजारच्या बाईला बरोबर घ्यायला सांगा.

मुलीच्या शाळेचेही इकडे विचारून पाहा. आठवीतून नववीत जाताना शाळा बदलली तर चालते, दहावीत मात्र बदलू नका. त्यामुळे यायचे असेल तर येत्या जूनला या, नाहीतर तिची दहावी होईपर्यंत आहात तिथेच राहा.